पाऊस तेवढाच, दिवस कमी: मराठवाड्यातल्या शिवाराचं पाणी-नियोजन नव्याने कसं आखायचं?

ओघळ (धागाकर्ता)

मराठवाड्यातली बहुतेक पाणलोटाची कामं एका गृहीतकावर आखलेली आहेत: जूनमध्ये ओल, मग चार महिने बऱ्यापैकी वाटून पडणारा पाऊस, सप्टेंबरअखेर उघडीप. ते गृहीतक आता मोडलंय. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा-तेरणेच्या काठाने, आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये सीना-सिंदफणेपर्यंत, उभी पिकं मातीसकट खरडून गेली. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात काही वर्षांत पुराचे पंचनामे. वर्षाची सरासरी पाहिली तर यातलं काहीच दिसत नाही.

चर्चेला धरून ठेवायला एक नमुन्याचं गाव घेऊ. क्षेत्र १००० हेक्टर: २०० हेक्टर डोंगर-माळ, ३०० हलकी मुरमाड, ५०० मध्यम ते भारी काळी. लोकसंख्या २५००, मोठी जनावरं हजार. सरासरी पाऊस ७०० मि.मी. आधी काय करायचं, जुन्यातलं काय दुरुस्त करायचं आणि काय करूच नये, हे आकड्यांसकट लिहा. माझं मत आधीच सांगतो: पाणी आधी मातीत, मग खडकात, आणि उघड्यावर सगळ्यांत शेवटी.

भूजल

क्रम मान्य. पण आधी खडकात मावतं किती ते बघू, कारण सगळ्या योजनांची चूक तिथे होते.

१ मि.मी. पाऊस म्हणजे हेक्टरी १० घनमीटर. तुमच्या गावावर ७०० मि.मी. म्हणजे ७० लाख घनमीटर. ऐकायला भरपूर वाटतं. आता भूजल अंदाजाच्या अधिकृत पद्धतीत झिजलेल्या बेसाल्टला पावसाच्या ७ टक्के आणि सांध्या-भेगांच्या सच्छिद्र बेसाल्टला १३ टक्के मुरतं असं धरतात. मधला १० टक्के धरा: ७ लाख घनमीटर. बेसाल्टच्या वरच्या थरात पाणी देणारी पोकळी साधारण २ टक्के, म्हणजे हजार हेक्टरवर विहिरींची पातळी एक मीटर चढली की २ लाख घनमीटर साठले. ७ लाखांत पातळी चढते साडेतीन मीटर. ही आपली भूगर्भातली टाकी, आणि ती लहान आहे.

त्यामुळे चांगल्या वर्षी ऑगस्टच्या मध्यालाच मुरूम आणि मांजऱ्या (सच्छिद्र मऊ खडक) तुडुंब होतो. त्यानंतर सप्टेंबरात २०० मि.मी. कोसळला तरी खडक तो घेत नाही, सगळा नाल्याला लागतो. अशा वेळी आणखी दहा बंधारे बांधून भूजल वाढत नाही.

दुष्काळाचं गणित याच्या उलट फिरतं. स्ट्रेंजच्या तक्त्यात (पावसावरून अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, काढायचा तक्ता) चांगल्या पाणलोटासाठी ३० इंच पावसाला अपधाव सुमारे २६ टक्के आहे आणि २० इंचांना १५ टक्के. म्हणजे अपधाव अनुक्रमे २०० आणि ७६ मि.मी.; पाऊस एक तृतीयांशाने घटला, पण वाहून येणारं पाणी ६० टक्क्यांहून जास्त घटलं. सरासरीच्या ७०० वर आकार ठरवलेली तळी-बंधारे दुष्काळात रिकामे का राहतात, ते इथे कळतं.

कोरडवाहू

मग त्या ७ लाखांचा खर्चही लिहा ना भूजलदादा, म्हणजे जमाखर्च पुरा होईल.

भूजल

पिण्याला माणशी रोज ५५ लिटर धरून २५०० लोकांना वर्षाला ५० हजार घनमीटर. जनावरांना रोज ४० लिटर धरून १५ हजार. नाल्यात झिरपून जाणारं वजा केलं तर शेतीला उरतात फार तर ५ लाख घनमीटर.

हरभऱ्याला तुषारवर ५० मि.मी.च्या दोन पाळ्या दिल्या तर हेक्टरी १००० घनमीटर. म्हणजे ५ लाखांत ५०० हेक्टर हरभरा निघतो. उसाला पाटपाण्याने हेक्टरी २० हजार घनमीटर सहज लागतं. त्याच पाण्यात २५ हेक्टर ऊस. ४५० मि.मी.च्या वर्षी जमाच साडेचार लाखांवर येते, पिण्याचं तेवढंच राहतं, नाल्यात झिरपणंही थांबत नाही. मग उसाचा प्रश्न मतभेदाचा उरतच नाही.

तिफण

मातीकडे येतो, कारण या धाग्यात सगळे खडकात शिरले की मातीला कोणी विचारत नाही, आणि सगळ्यांत मोठी टाकी तीच आहे.

एक मीटर खोल काळी जमीन पिकाला घेता येईल असं १५० ते २०० मि.मी. पाणी धरते. एक वीत मुरमाड जमीन ३० ते ४० मि.मी. शेंगा भरताना सोयाबीन दिवसाला ४-५ मि.मी. पितं. म्हणजे मुरमाडावर आठव्या दिवशी पीक माना टाकतं, तर काळीवर महिनाभर तग धरतं. पावसातले खंड १५-२० दिवसांचे होऊ लागलेत तेव्हा एकाच गावात एकाच बियाण्याची पेरणी वरच्या अंगाला जळते आणि खालच्या अंगाला तग धरते, त्याचं कारण हे.

काळी व मध्यम जमिनीसाठी बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी. चार ओळी ४५ सें.मी.वर, दोन्ही बाजूंना सरी. एका सरीपासून दुसरी १८० सें.मी. सरी ४५ सें.मी. रुंद आणि २० सें.मी. खोल पडली पाहिजे. त्रिकोणी छेद धरला तर ती सरी एकदा भरल्यावर २५ मि.मी. पाणी धरते. बियाणं सपाट पेरणीला एकरी ३० किलो, इथे २२ पुरतं. ७५ ते १०० मि.मी. ओल झाल्याशिवाय पेरायचं नाही, आणि बी ३-४ सें.मी.च्या खाली जाऊ द्यायचं नाही. खोल गेलं आणि वर पपडी धरली तर उगवण निम्म्यावर येते.

बिघडतं कुठे? पहिलं, ट्रॅक्टरवाला घाईत वरच्यावर ओढतो आणि सरी चार बोटं पडते. पेरणी झाल्यावर सरीत पट्टी उभी करून मोजा, १५ सें.मी.पेक्षा कमी असेल तर फाळ खाली घ्यायला लावा. दुसरं, सरी उताराला सरळ तोंड करून काढली तर ती सरी राहत नाही, तिची ओघळ होते. सरी समतल रेषेच्या जवळून, अर्ध्या टक्क्याच्या उताराने न्यायची आणि तिचं तोंड गवताच्या चारीत सोडायचं. तिसरं, सगळी तोंडं कायमची बुजवून ठेवणं. खंड पडला की तोंडाशी मातीची ढेकळं लावा, अतिवृष्टीचा इशारा आला की खोऱ्याने मोकळी करा. एवढं काम जो करतो त्याचं पीक दोन्हीकडून वाचतं.

यंत्र मिळालं नाही तर सपाट पेरणीनंतर महिनाभराने कोळप्याच्या जानोळ्याला (फास धरणाऱ्या दांड्याला) दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर मृत सरी काढा. बीबीएफइतकी नाही, पण अजिबात नसण्यापेक्षा पुष्कळ बरी. खंडात पोटॅशियम नायट्रेटची १ टक्का फवारणी (१० लिटरला १०० ग्रॅम) आठवडाभर तग देते, पाण्याची जागा घेत नाही.

कोरडवाहू

३०० हेक्टर मुरमाडावर गाळ टाकायचा का? सगळीकडे ट्रॅक्टर लागलेले दिसतात.

तिफण

मुरमाडावर जरूर, काळीवर अजिबात नाही. ७.५ सें.मी. थर द्यायचा तर एकरी ३०० घनमीटर, साधारण १०६ ब्रास. एका वर्षी सगळा टाकू नका, तीन सें.मी. टाका, नांगरून मुरमात मिसळा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. नुसता वर पसरला तर पहिल्याच मोठ्या पावसात चिकट थर बसतो आणि खाली पाणी जात नाही. उचलण्याआधी गाळाचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासा. चुनखडीचा पांढुरका गाळ आला तर पुढे हरभरा पिवळा पडतो. आणि तलावाचा तळ खरवडताना खालचा मूळ मुरूम किंवा चिकणमातीचा थर फोडू नका. पाझर तलाव असेल तर ठीक, पण साठवण तलाव त्याने गळका होतो.

माथा_ते_पायथा

डोंगराच्या २०० हेक्टरबद्दल. सलग समतल चर ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल खोदला तर मीटरला ०.१८ घनमीटर. दहा-दहा मीटरवर चर म्हणजे हेक्टरी १००० मीटर, म्हणजे १८० घनमीटर. हे भरायला १८ मि.मी. अपधाव पुरतो. उघड्या माळावर तासात ६०-७० मि.मी. पडला तर निम्मा तरी वाहतो, म्हणजे ३० मि.मी.च्या वर. चर अर्ध्या तासात भरून वाहू लागतात. सर्वांत वरचा फुटला की खालचे पत्त्यांसारखे फुटतात आणि डोंगरावर एक नवी ओघळ तयार होते.

उपाय दोन. खोली ६० करा, धारण दुप्पट होते. आणि चर सलग न ठेवता दर १०-१५ मीटरवर अर्धा मीटर माती न खोदता सोडा, म्हणजे एक फुटला तरी पंधरा मीटरचंच पाणी सुटतं. खोदलेली माती खालच्या अंगाला, चराच्या काठापासून एक वीत जागा सोडून टाका. काठावर टाकली तर पहिल्या पावसात परत चरात. समतल रेषा हायड्रोमार्करनेच (पाणी भरलेल्या नळीने समपातळी दाखवणारं साधन) घ्या. नजरेने घेतलेल्या रेषेत वीतभर फरक सहज येतो, आणि वीतभर फरक म्हणजे सगळं पाणी एका टोकाला. ३३ टक्क्यांवर उतार असेल तिथे चर नकोच, गवत आणि झाडं.

मातीच्या भरावावर पावसाआधी स्टायलो हमाटा, मारवेल, पवना असा चारा लावा. चराईबंदी तीन वर्षं पाळली नाही तर खर्च वाया. चर गाळाने भरतात आणि कोणी पुन्हा उपसत नाही.

काळी जमिनीतल्या बांधांबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. भारी काळीत पाणी अडवणारा समतल बांध टिकत नाही. एप्रिलमध्ये बांधाच्या पायथ्याशी बसून बघा: चार बोटं रुंद भेग बांधाखालून आरपार गेलेली असते, काठी घातली तर हातभर आत जाते. जूनचं पहिलं मोठं पाणी त्या भेगेत शिरतं, आतून माती नेतं, आणि बांध वरून धडधाकट दिसत असताना खालून बोगदा पडतो. म्हणून इथे ढाळीचे बांध: १०० मीटरला २० ते ४० सें.मी. उतार, शेवटी दगडी सांडवा, सांडव्याखाली गवताची चारी. वरच्या अंगाला मेअखेर वखराच्या दोन पाळ्या घातल्या की भेगांची तोंडं बुजतात. सांडवा नसलेला बांध घालण्यापेक्षा न घातलेला बरा.

पाणकळा

शेततळ्यांचं कोणीच बोललं नाही. द्राक्ष-डाळिंबवाला त्याच्यावरच जगलाय हे विसरू नका. कडवंचीचं (जालना) उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

ओघळ

शेततळ्याला विरोध नाही, त्यात कुठलं पाणी भरता याला आहे. ३०×३०×३ मीटरचं तळं, कडांना १:१ उतार, धारण २१९६ घनमीटर. पाण्याचा पृष्ठभाग सरासरी सव्वासातशे चौरस मीटर. नोव्हेंबर ते मे आपल्याकडे उघड्या पाण्यावरून दीड मीटरच्या आसपास वाफ जाते. म्हणजे हजार-अकराशे घनमीटर, तळ्याचं निम्मं पाणी, आकाशात. तेच पाणी विहिरीत राहिलं असतं तर जवळजवळ सगळं हाती लागलं असतं. पावसाळ्यात सामायिक खडकातलं पाणी उपसून ५०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात भरणं म्हणजे सगळ्यांचं पाणी एकाच्या नावावर करणं, आणि त्यातलं निम्मं उडवून टाकणं.

पाणकळा

वाफ मान्य. पण मे महिन्यात विहीर कोरडी पडते तेव्हा बाग वाचते ती तळ्यानेच. ज्याच्या विहिरीचं पाणी शेजारचा बोअर ओढून नेतो, त्याने पाणी खडकात कोणाच्या भरवशावर ठेवायचं? आधी तो भरवसा द्या, मग तळं बंद करायला सांगा.

ओघळ

हा मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर तांत्रिक नाही. भूजल अधिनियम २००९ मध्ये ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींना अटकाव आहे, पण गावाने ठरवल्याशिवाय तो कागदावरच राहतो. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद आणि पावसानुसार दरवर्षी पिकांचा ताळेबंद, हे तिन्ही एकत्र पाळले. त्यातलं एकच उचललं तर तुमची शंका बरोबर ठरते.

तोवर तळं असं करा. अपधावावर भरणारं, खंडात एक संरक्षित पाणी देणारं. पावसाळ्यातला अपधाव ७० मि.मी. धरला तर ३०×३० च्या तळ्यामागे किमान ३ हेक्टर पाणलोट हवा. ऑगस्टमध्ये हाताशी १५०० घनमीटर असेल तर तुषारने ३० मि.मी.ची एक पाळी ५ हेक्टरला बसते. तेव्हाच वापरून टाका. पुढच्या पावसात तळं पुन्हा भरतं. जपून ठेवलेलं तळं एकदाच भरतं. भारी काळीत कडांचा उतार १:१ ठेवू नका, ढासळतो; १.५:१ करा. धारण १९७१ वर येते, पण तळं टिकतं. आत येणाऱ्या तोंडाशी २×१×१ मीटरची गाळटाकी आणि दगडी पिचिंग, बाहेरचा सांडवा काठापेक्षा फूटभर खाली. कागद घालायचाच तर पिकाची वर्षाची गरज मोजून, एकाच्या जागी तीन तळी नकोत.

मुरूम

नाला खोलीकरणावर कोणीतरी बोला. दरवर्षी पोकलेन येतो.

भूजल

खोलीकरणाचा दाखला म्हणून शिरपूरचं नाव घेतलं जातं. शिरपूर तालुक्यात तापीच्या गाळाचा जाड थर आहे. वर पिवळी चिकणमाती, खाली वाळू-गोटे. चिकणमाती फोडली की पाणी खाली धावतं. सुरेश खानापूरकरांनी तिथला भूगर्भ वाचून ते काम केलं. बालाघाटावर खाली गाळ नाही, दोन-तीन मीटरवर बेसाल्ट आहे. काळा पाषाण लागल्यावरही खोदत गेलात तर मिळतो तो पाण्याचा हौद, पुनर्भरण नव्हे. आणि मांजऱ्या कापला गेला तर उलटंच होतं: शेजारच्या विहिरींचं पाणी नाल्यात झिरपून वाहून जातं.

जागा ठरवायची सोपी खूण. डिसेंबरमध्ये नाल्याने चालत जा. ज्या टप्प्यात पाऊस नसताना तळातून पाणी वर येतं, तो बाहेर पडण्याचा टप्पा. तिथे बंधारा घातला तर उपसायला साठा मिळेल, जमिनीत जाणार नाही. ज्या टप्प्यात वाहतं पाणी पन्नास पावलांत गुडूप होतं, ती पुनर्भरणाची जागा. सिमेंट बंधारा तिथे. तिथला गाळ दर दोन वर्षांनी काढायचा, कारण दोन-चार सें.मी. चिकण गाळ तळाला बसला की बंधारा गच्च भरलेला दिसतो आणि मुरत काहीच नाही. खोलीकरण केलंच तर कठीण खडकाच्या वर थांबा आणि काढलेली माती काठावर ढीग करून ठेवू नका, पहिल्या पुरात ती परत आत येते.

शिवारफेरी

साठवण्याबद्दल एवढं झालं, पाणी सुखरूप बाहेर काढण्याबद्दल कोणीच नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत जमिनी खरडल्या त्या मुख्यतः बुजवलेल्या ओढ्यांमुळे आणि पाणंद रस्त्यांच्या अपुऱ्या मोऱ्यांमुळे. हिशेब करून बघा. वरचं पाणलोट ४० हेक्टर, तासाला ६० मि.मी.चा पाऊस, निम्मं वाहतं: ०.५ × ६० × ४० ÷ ३६० = सेकंदाला ३.३ घनमीटर. ६०० मि.मी.चा पाइप पूर्ण भरून दोन मीटर वेगाने वाहिला तरी ०.५७ काढतो. म्हणजे सहा पाइप लागतात, आणि टाकलेला असतो एक, तोही निम्मा पाचटाने भरलेला. पाणी रस्त्याला तुंबतं, बाजूच्या शेतातून वाट काढतं आणि जाताना दीड वीत माती घेऊन जातं. तासाला १०० मि.मी. धरला तर ५.६ घनमीटर, त्याला पाइपांपेक्षा फरशीची बुडती मोरी स्वस्त आणि खात्रीची: रस्ता दोन फूट खाली उतरवून काँक्रीट, खालच्या अंगाला दगडी गादी.

गावनकाशावर ओढ्याची मूळ रुंदी असते. तलाठ्याकडून नकाशा घ्या, पावसाळ्याआधी शिवारफेरी करा आणि जिथे ओढा नांगराखाली गेलाय तिथे खुंट्या ठोका. पहिल्या वर्षी नुसत्या खुंट्या, काढून घेण्याचा वाद नको. त्या वर्षी पाणी कुठून गेलं ते सगळ्यांना दिसतं, मग बोलणं सोपं होतं.

मुरूम

कोल्हापुरी बंधाऱ्यात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायची तारीख? आमच्याकडे १५ ऑक्टोबर ठरलेली.

शिवारफेरी

तारखेला चिकटून राहू नका. हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सून परतीच्या तारखाच पुढे नेल्या. मुंबईची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. १५ ऑक्टोबरनंतरही एखादा १०० मि.मी.चा पाऊस येतो आणि सगळे बर्गे घातले असतील तर पाणी बाजूची माती कापून बंधाऱ्याला वळसा घालतं. उलट पाऊस लवकर थांबला तर १५ पर्यंत नाला आटतो. प्रवाह बघून ठरवा. सप्टेंबरअखेर खालचे एक तृतीयांश बर्गे, पुढचा आठवड्याचा अंदाज कोरडा असेल तर बाकीचे. बर्ग्यांच्या दोन ओळींच्या मधे भरायला काळी माती आणि प्लॅस्टिक आधीच आणून ठेवा, रबरी पट्ट्या मेमध्ये तपासा. आणि काढलेले बर्गे कुलपात, नाहीतर पुढच्या वर्षी निम्मेच सापडतात.

कोरडवाहू

विहीर पुनर्भरणाचं माप द्या कोणीतरी. ओढ्याचं पाणी थेट विहिरीत सोडलेलं बरेच ठिकाणी दिसतं.

भूजल

थेट नकोच. गढूळ पाणी आत गेलं की विहिरीच्या भेगा गाळाने बसतात, आणि एकदा बसलेल्या भेगा पुन्हा मोकळ्या होत नाहीत. विहिरीपासून तीनेक मीटरवर सहा फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्याआधी गाळ बसायला एक छोटा खड्डा. मोठ्या खड्ड्यात तळाला दोन फूट डोक्याएवढे दगड, त्यावर दीड फूट मुठीएवढी खडी, मग एक फूट बारीक खडी, वर एक फूट भरड वाळू. अर्धा फूट मोकळा. तळाच्या दगडांतून सहा इंची पाइप विहिरीत, टोक भिंतीपासून दोन फूट पुढे काढलेलं, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळून बांधकाम पोखरत नाही. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेरच सोडायचं. त्यात खत-औषधाचा अंश जास्त. वरची सहा इंच वाळू दरवर्षी मेमध्ये काढून धुवायची. पिण्याच्या विहिरीला शेतातलं पाणी लावू नका, छपराचंच लावा.

आणि गावातल्या दहा विहिरी निवडून काठावर रंगाने खूण करा, तिथूनच दर वेळी टेप सोडा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, त्याच महिन्यांत मोजलंत तर जुन्या नोंदींशी जुळवता येतं. मोजायच्या आधी रात्रभर मोटर बंद हवी. ऑक्टोबरचा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा, हरभऱ्याची पेरणी सुरू व्हायच्या आत.

ओघळ

ऑक्टोबरच्या फळ्यासाठी नमुना तक्ता करतोय: पाऊस महसूल मंडळाच्या महावेध (स्वयंचलित हवामान) केंद्राचा आणि गावातल्या साध्या पर्जन्यमापकाचा, दोन्ही. शेजारशेजारच्या शिवारांत वीस-वीस मि.मी.चा फरक असतो, त्यामुळे एकट्या मंडळाच्या आकड्यावर ताळेबंद धरू नका. तिफणदादा, मुरमाड आणि काळीचे रकाने वेगळे ठेवतोय. मुरमाडाच्या ३०० हेक्टरवर रब्बीत काय लिहायचं ते सांगा.

तिफण

मुरमाडावर रब्बी लिहूच नका. तिथे खरिपात सोयाबीन-तूर ४:२. सोयाबीन खंडात गेलं तरी तूर परतीच्या पावसावर उभी राहते, आणि तिला विहिरीचं पाणी लागलंच तर फुलोऱ्यात एकदा. रब्बीचं पाणी सगळं काळीच्या रकान्यात.